हात लावू नका, बाईंना बोलवा

सोमवार, दुपार

धाकटीस,

आशीर्वाद गृहीत धर. तीन वर्षांनी तुझे पत्र आले, तेही चार ओळींचे आणि त्यात दोन ठिकाणी खाडाखोड. 'ताई, मला दिवस गेले आहेत. वसंत संपता संपता बाळ येईल. तुला यावंसं वाटलं तर ये. येणार नसशील तर निदान सूचना पाठवू नकोस.' शेवटचे वाक्य तू पेन इतके दाबून लिहिले आहेस की कागदाच्या मागच्या बाजूने ते बोटांना लागते.

मी येणार आहे. हे आरंभीच लिहून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तू भुवया उंचावणार नाहीस. येणार आहे आणि बाळंतपणाच्या आधी येणार आहे. प्रश्न एवढाच की मागे कोणाला ठेवायचे.

तू गेल्यापासून या गावाची रक्षक मी एकटीच आहे. विद्यालयात आपल्याला ड्रॅगन शिकवले, जलराक्षस शिकवले, पंखवाल्या श्वापदांवर तर एक आख्खे वर्ष घालवले. आता मला प्रत्यक्षात कशासाठी बोलावतात ते ऐक. आज सकाळी न्याहारीला बसले तोच घंटा झाली: बेकरीच्या भट्टीत ड्रॅगन शिरला आहे. चिलखताचे सगळे पट्टे नीट आवळून (अर्धवट आवळून धावणाऱ्यांविषयी माझे मत तुला ठाऊक आहे) मी पोहोचले. भट्टीत करपलेला पाव होता.

"धूर काळा होता बाई," बेकरीवाला म्हणाला, "म्हटलं, विचारलेलं बरं."

तिथून वळते तोच शिंप्याने गाठले. त्याच्या कपाटाचे दार उघडत नव्हते आणि आत कोणीतरी दबा धरून बसले आहे अशी त्याची खात्री होती. आत हिवाळ्याचे कोट होते. परत येताना पोस्टात एक पार्सल गुरगुरत होते. त्यात चावीचे माकड निघाले. पोस्टमास्तरांनी माझे आभार मानले. इतके मनापासून मानले की मला रागावताही आले नाही.

तू म्हणशील, हे त्या पाट्यांमुळे. पहिल्याच वर्षी मी चौकाचौकात पाट्या लावल्या: 'संकट दिसल्यास हात लावू नका, बाईंना बोलवा.' का लावल्या हे तुला आठवत असेल. त्या न्हाव्याने पंखवाल्या श्वापदावर वस्तरा घेऊन चाल केली होती आणि माझी सरळसोट मोहीम दुपारभर लांबवली होती. पाट्या मी स्वतः रंगवल्या, ओळी अजूनही सरळ दिसतात, आणि लोक त्या अक्षरशः पाळतात. ज्या दिवशी त्या लागल्या त्या दिवशी तू म्हणालीस, "ताई, मग मी इथं कशाला?" आणि आठवड्याच्या आत बॅग भरलीस. तुझा तो प्रश्न मला तेव्हाही कळला नव्हता. पाटीवर 'बाईंना' लिहिले होते. त्यात तू येत नव्हतीस असे थोडेच होते?

असो. मी दमलेली वगैरे नाही. पाठ जरा अवघडते. रात्री चिलखत उतरवण्याचा कंटाळा येतो तेव्हा त्यातच झोपते. ते चांगल्या प्रतीचे आहे, टोचत नाही.

विद्यालयाकडे बदली रक्षक मागितला आहे. तो आला की निघते.

तुझी,
ताई

गुरुवार, संध्याकाळ

धाकटीस,

बदली रक्षक आला. आणि गेला.

गृहस्थ पन्नाशीचे, पोट सुटलेले, छातीवर सुवर्णपदक. पदक आहे म्हटल्यावर मी अपेक्षा थोड्या उंचावल्या, ही माझी चूक. चाचणी म्हणून गोदामातल्या पेंढ्याच्या राक्षसावर वार करायला सांगितले. त्यांनी केला. राक्षसाचे मुंडके उडाले खरे, पण वार खांद्यावरून सुरू होऊन मानेवर संपला आणि पेंढा जमीनभर झाला.

"हे असे नसते," मी म्हणाले.

"बाई, राक्षस मेला ना? मग झालं तर."

"कसा मेला यालाही काही अर्थ असतो."

"त्याच्या दृष्टीने नाही," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. बसले, धाकटी. चाचणी चालू असताना. शिवाय तलवार मांडीवर आडवी ठेवून, जशी आपली शेजारीण विणकाम ठेवायची तशी.

मी त्यांना गस्तीचा मार्ग समजावून सांगितला. कोणत्या गल्लीत डावीकडून जायचे, कोणत्या छपरावर आधी नजर टाकायची, घंटेचा स्वर कसा ओळखायचा. ते मध्येच म्हणाले, "एवढं सगळं तुम्ही एकट्या करता?"

"अर्थातच."

"आणि लोक काय करतात?"

"लोक मला बोलावतात."

यावर ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. ती नजर मला आवडली नाही. आपण वाटेत एखादा लंगडणारा घोडा दिसला की थांबून बघतो, तशी होती. संध्याकाळच्या गाडीने मी त्यांना परत पाठवले.

नगराध्यक्षा गाडीतळावर होत्या. तुला त्या ठाऊक नाहीत, तुझ्यानंतर निवडून आल्या. भांड्यांचे दुकान चालवतात आणि बोलताना समोरच्याला एखादे पातेले ठोकून बघावे तसे बघतात. म्हणाल्या, "हे तिसरे ना हो? पहिल्या बाईंना तुम्ही बूट नीट नाहीत म्हणून घालवलंत."

"दुसऱ्यांना तर घंटेचे स्वरच कळत नव्हते."

"बाई, तुम्हाला बदली माणूस नकोय. तुम्हाला आरसा हवाय."

वाक्य बरे आहे, म्हणून तुला कळवते. बरोबर आहे असे म्हणत नाही.

यापूर्वीच्या दोघांविषयी मी मागच्या पत्रात लिहिले नव्हते. त्यांना तुझे पत्र येण्याआधी मागवले होते, गेल्या वर्षी, काही कारणाने. कारण महत्त्वाचे नाही. माणसाला कधीकधी सुट्टी घ्यावीशी वाटते.

मी बदलीशिवायच येते. शनिवारची दुपारची गाडी. आठवडाभर राहून परत. आठवड्याभरात काय होणार आहे?

ताई

रविवार

धाकटीस,

हे अक्षर माझे नाही असे तुला वाटेल. माझेच आहे, पण डाव्या हाताचे. उजवा झोळीत आहे. काळजीचे कारण नाही. खांद्याचे हाड जागेवर बसवले आहे आणि बसवणाऱ्याने ते माझ्या देखरेखीखाली बसवले आहे.

शनिवारी दुपारी मी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि घंटा झाली. स्वरावरून कळले, पाव नाही. पाय काढून घेतला आणि धावले.

इस्त्रीवाल्या काकूंची लाँड्री तुला आठवते ना? खाली हौद आणि शेगड्या, वर कपडे वाळत घालायचा लाकडी माळा. लाँड्रीच्या छपरावर ड्रॅगन बसला होता. लहान, बैलाएवढा, डोंगरातल्या थंडीने गारठून वाफेच्या उबेला आला असावा. तो नुसता शिंकला, आणि माळ्यावरच्या चादरींनी पेट घेतला. काकू माळ्यावर होत्या. जिना धुराने भरलेला.

आता नीट वाच. मी पोहोचले तेव्हा लाँड्रीसमोर आख्खी गल्ली उभी होती. बेकरीवाला, शिंपी, न्हावी, पोस्टमास्तर. प्रत्येकाच्या हातात बादली आणि प्रत्येक बादली काठोकाठ भरलेली. रांगसुद्धा सरळ होती. आणि एकानेही थेंबभर पाणी मारले नव्हते.

मी आत शिरले, काकूंना खांद्यावर घेतले, बाहेर पडताना एक तुळई खाली आली आणि माझा दुसरा खांदा तिच्या वाटेत होता. ड्रॅगनला हुसकावणे हे नंतर फारसे अवघड गेले नाही. त्यालाही एवढा जाळ अपेक्षित नसावा, बिचारा लाजल्यासारखा उडाला.

मग मी बेकरीवाल्याला विचारले, "पाणी का मारले नाहीत?"

"बाई, पाटी आहे ना."

"आत माणूस होते."

"हो. पण तुम्ही येतच होता."

त्याच्या आवाजात टोमणा असता तर मी एका वाक्यात त्याला गप्प केले असते. टोमणा नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. सूर्य उगवतो तशी मी येते.

काकू पायरीवर बसून खोकत होत्या. भुवया दोन्ही गेलेल्या. म्हणाल्या, "मी आतून बोंबलतेय, अरे मेल्यांनो, पाणी मारा. तर हा शिंपी खालून काय म्हणतो? म्हणे, काकू, जरा कळ काढा, बाई आल्याच." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पुन्हा खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू. सगळी गल्ली हसली. शिंपीसुद्धा हसला, त्याच्या हातात बादली अजून तशीच होती.

मला हसता आले नाही. गाडी वेळेवर सुटली असती तर मी त्या वेळी नदीच्या पुलापलीकडे असते. यापुढचा विचार मी अर्ध्यावर सोडला, आणि कुठलीही गोष्ट अर्ध्यावर सोडण्याची मला सवय नाही.

काकूंना मी म्हणाले, "तुमच्या भुवया..."

"केस आहेत, येतील परत. तुम्ही आधी तो हात बघा. पांढऱ्याफटक पडलात."

धाकटी, मी दमले आहे. हे वाक्य उजव्या हाताने मी कधीच लिहिले नसते. डावा हात शिकलेला नाही, त्याला काय लिहू नये हे कळत नाही. मी पहाटे घंटा झाली नाही तरी उठून बसते. कोणी नुसती हाक मारली तरी कमरेला हात जातो. आणि शनिवारी, पायरीवरून पाय काढताना, मला पहिल्यांदा काय वाटले ते सांगते: राग नाही, काळजी नाही. सुटका झाल्यासारखे वाटले. तुझ्याकडे येऊन मी करणार काय, हे मला ठाऊकच नव्हते. तिथे मारायला काही नाही.

यायचे आहे. पण मी नसताना कोणी बादली रिकामी करणार नसेल, तर येऊ कशी? तुझे दिवस भरत आले असतील. उत्तर लिहू नकोस, विश्रांती घे. (ही सूचना नाही.)

ताई

पुढच्या आठवड्यातला शुक्रवार

धाकटीस,

पाट्या काढल्या. नगराध्यक्षा स्वतः दुकानातली पक्कड घेऊन आल्या. मी फक्त म्हणाले की रंग तसाही उडाला होता. त्या म्हणाल्या, "हो हो, रंगाचंच कारण," आणि चारही चौकांत माझ्याबरोबर हिंडल्या.

त्यानंतर रोज दुपारी लाँड्रीच्या अंगणात वर्ग. विद्यार्थ्यांविषयी स्पष्टच लिहायचे तर: बेकरीवाला दोरीचा फास टाकतो तो स्वतःच्याच पायात. पोस्टमास्तर हल्ला करण्यापूर्वी राक्षसाला 'एक मिनिट हं' म्हणतात. शिंपी सुबक आहे पण संथ. त्याच्या गतीने गेलो तर ड्रॅगन म्हातारा होऊन मरेल. काकू ऐकत नाहीत. न्हावी फार ऐकतो, आणि मग भलतेच करतो. मी ओरडले, पुन्हा दाखवले, डाव्या हाताने दाखवले, पुन्हा ओरडले. आपल्या वेळी विद्यालयाने यांतल्या एकालाही दारात उभे केले नसते.

आणि काल विहिरीत जलराक्षस आला. खोटा नाही, पोस्टातला नाही. चौकातली मोठी विहीर, तुला माहीत आहे. न्हावी पाणी शेंदायला वाकला आणि आतून दोर ओढला गेला. दोराबरोबर न्हावी.

मी तिथेच खुर्चीत बसले होते. उठले. डावा हात मुठीवर गेला. एका हाताने, चुकीच्या हाताने, मी विहिरीत उतरले असते आणि तू आज हे पत्र वाचत नसतीस, हे मला आता शांतपणे दिसते. तेव्हा दिसत नव्हते.

काकू आडव्या आल्या. "बाई, बसा."

"तुम्ही दोर चुकीच्या बाजूने—"

"आमचं चुकतंय हे आम्हाला माहितेय. सांगू नका, आणखी चुकेल."

मी बसले. आयुष्यात एवढे अवघड काम केलेले नाही.

मग जे घडले त्याला मोहीम म्हणणे हा विद्येचा अपमान आहे. बेकरीवाल्याने फास टाकला, तो न्हाव्याच्या गळ्यात पडता पडता काखेत अडकला. सगळे एकदम ओढू लागले, निम्मे एका दिशेला आणि निम्मे दुसऱ्या. नगराध्यक्षांनी "एका वेळी, अहो, एका वेळी" म्हणून घसा बसवून घेतला. पोस्टमास्तर काठावरून विहिरीत "एक मिनिट हं" म्हणाले, मी स्वतः ऐकले. न्हावी वर आला आणि त्याचा पाय धरून जलराक्षसही आला. दोघे फरशीवर आदळले. तो हिरवट, ओलाचिंब, उजेडाने डोळे मिचकावत बसला. यानंतर पुस्तकाप्रमाणे त्याच्या डाव्या कल्ल्याखाली नेमका वार करायचा असतो. काकूंनी ओली चादर पिळून त्याच्या पाठीत सणसणीत हाणली.

"लाज नाही वाटत? माणसं पाणी पितात त्यातलं. चल, नीघ. नदी आहे ना तुला?"

तो निघाला. गटाराच्या कडेने, अंग चोरत, नदीकडे. न्हावी म्हणाला, "माझी चप्पल घेऊन गेला," आणि सगळा चौक हसून आडवा झाला. एकमेकांना मिठ्या मारत होते, बेकरीवाला रडत होता, शिंपी न्हाव्याच्या सदऱ्याची उसवलेली बाही तिथेच उभ्या उभ्या तपासत होता.

माझ्याकडे कोणीही वळून पाहिले नाही.

हे नीट लिहायचा मी प्रयत्न करते. मला वाईट वाटले. चांगलेच वाटले वाईट. नऊ चुका मी मोजल्या होत्या आणि त्या सांगायला समोर एक माणूस मोकळा नव्हता. मग कोणीतरी माझ्या हातात चहाचा पेला दिला, कोणी दिला हेही पाहिले नाही, आणि पहिल्याच घोटाला माझ्या लक्षात आले की मला भूक लागली आहे. साधी भूक. ती किती दिवसांत लागली नव्हती कोण जाणे. मी बेकरीत गेले, तिथे अर्थातच कोणी नव्हते, एक पाव उचलला आणि भिंतीला टेकून सगळा खाल्ला. उभ्याने. हाताने तोडून. तुझ्यासमोर मी असे कधी जेवले नसते.

उद्याच्या सकाळच्या गाडीने निघते. हे पत्र त्याच गाडीने येईल, त्यामुळे तू ते वाचशील तेव्हा मी बहुधा दारात असेन. घाबरू नकोस, एकच बॅग आहे.

ताई

वसंताचा शेवट

नगराध्यक्षा महोदयांस,

आपले पत्र पोहोचले. त्यातील हस्ताक्षर सुधारण्यास वाव आहे, मजकूर उत्तम आहे.

प्रथम इकडची वार्ता. धाकटीला मंगळवारी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. सुईणबाई अत्यंत कार्यक्षम असून त्यांनी मला खोलीबाहेर बसण्यास सांगितले. त्यानुसार मी अंगणात शांतपणे बसले. माझे मेहुणे, जे चष्मे बनवतात आणि ज्यांच्याविषयी माझे मत पूर्वी फारसे अनुकूल नव्हते, तेही माझ्याजवळ बसले होते. गृहस्थ बरे आहेत.

आपण विचारता की घड्याळाच्या मनोऱ्यावर पंखवाले श्वापद घरटे करू लागले आहे, तरी काय करावे, आणि मी येईपर्यंत थांबावे काय. थांबू नये. आपण सर्वांनी लाँड्रीच्या अंगणात जमून विचार करावा. घरट्यात अंडी असल्यास काकूंचे मत आधी घ्यावे. याहून अधिक मी काही लिहीत नाही.

मी पावसाळ्याअखेर परतेन. रक्षक म्हणून गस्त घालीनच, पण आठवड्यातून तीन दिवस, आणि बदलीच्या त्या पदकवाल्या गृहस्थांना उरलेल्या दिवसांसाठी बोलवावे अशी माझी शिफारस आहे. त्यांना चाचणी नको. न्हाव्याची विचारपूस करावी.

आपली,
रक्षक

नगराध्यक्षा बाई, नमस्कार. मी धाकटी. ताईने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली लिहिते. तिला सांगू नका.

त्या श्वापदावर तिने आधी बारा-चौदा पानं लिहिली होती, आकृत्यांसकट. मग बराच वेळ ती पानं समोर घेऊन बसली, आणि सगळी फाडली. तुम्हाला वाटेल सहज लिहिलंय तिने 'थांबू नये'. सहज नव्हतं.

आणि अंगणात ती शांत वगैरे बसली नव्हती. खिडकीखाली अशा येरझाऱ्या घालत होती की इकडे मला कळा येतायत आणि मी मोजतेय तिची पावलं. शेवटी मी आतून ओरडले, "ताई, बस." बाहेर एकदम शांतता. सुईणबाईंनी नंतर दार उघडलं तेव्हा पायरीवर दोघं बसले होते, ताई आणि माझा नवरा, एकमेकांचे हात धरून, दोघांचीही नाकं लाल. आत यायला ती परवानगी मागत होती. माझी ताई. परवानगी.

काल संध्याकाळी इथल्या गल्लीतला एक माणूस दारात आला. कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं. म्हणाला, "तुम्हीच ना त्या मोठ्या रक्षक? आमच्या गोठ्यात काहीतरी शिरलंय."

ताईच्या खांद्यावर बाळ होतं. ती पाठीवर थोपटत होती. तिने विचारलं, "आत माणूस आहे का कोणी?"

"नाही, माणूस नाही. गायपण बाहेर बांधलीय."

"मग शेजाऱ्यांना हाका मारा आणि जरा थांबा. मी ढेकर यायची वाट बघतेय."

आणि बघत राहिली. एवढा गंभीर चेहरा मी तिचा ड्रॅगनसमोरही पाहिला नव्हता. बाळाने पुष्कळ वेळ घेतला. मग एकदाचा तो इवलासा आवाज आला, ताईने माझ्याकडे असं बघितलं जसं काही हे तिनेच केलं, आणि दाराकडे वळून म्हणाली, "हं, चला, काय शिरलंय?"

दारात कोणी नव्हतं. गल्लीच्या टोकाला माणसं आरडाओरडा करत होती आणि हसत होती. ताईने जरा वेळ ऐकलं, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.